रक्तदाब आणि स्मरणशक्ती

उतारवयातील विस्मरणाचा हृदयाशी काही संबंध नसतो, हे मत मला पटत नाही. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होत जातात. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत उच्च रक्तदाबाच्या, पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांपैकी एका गटाचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली, तर दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात स्मृती व आकलनाच्या सौम्य ऱ्हासाचा धोका १९ टक्क्यांनी कमी आढळला. स्मृतिभ्रंशातील घट मात्र निर्णायक ठरली नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली होती, हे त्याचे एक कारण असावे. तरीही ‘आता काही त्रास नाही’ म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणारी ज्येष्ठ मंडळी पाहिली की मला मनापासून काळजी वाटते.