विज्ञानाच्या कुठल्या पुस्तकाने तुम्हाला जागेवरून उठवलं?

मेणकापड
काल रात्री वीज गेली. मेणबत्ती फुंकली तर लेक म्हणाली, "विझली ना, मग हा धूर कसला गं?" झटकन फॅरडे आठवला. १८६०-६१ मध्ये नाताळच्या सुट्टीत त्याने मुलांपुढे सहा व्याख्यानं दिली, विषय फक्त मेणबत्ती! त्याचं पुस्तक झालं, ते मी शाळेत असताना वाचलेलं. मग करूनच दाखवलं. फुंकल्याबरोबर वातीतून पांढरट धूर वर चढतो ना, त्यालाच पेटती काडी लावायची, वातीपासून बोटभर वर. ज्योत धुरावरून सरसर खाली येऊन वातीवर बसते. कारण तो धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं मेणच. वारा नको मात्र, धूर सरळ वर जायला हवा. लेकीने इतक्यांदा करायला लावलं की वीज आल्यावरही दिवा लावू देईना.
तुमचं असं पुस्तक कुठलं? नुसतं "छान आहे" वालं नको.

अर्धवटराव
हॉकिंगचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम', विश्व, कृष्णविवरं वगैरे. अजून वाचतोय. त्यांना म्हणे कुणीतरी बजावलेलं, प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल. म्हणून आइनस्टाइनचं ते एकच ठेवलं. मी समीकरण नसलेल्या पानांवरच गळालो.

सायली_क
@अर्धवटराव कृष्णविवरात शिरलेला वाचक बाहेर येत नाही :)))

तिन्हीसांज
नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. त्यानंतर वर बघायची सवयच लागली. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. मुलगा साडेआठ वर्षांचा झाला तेव्हा त्याला दाखवला, म्हटलं हा उजेड निघाला तेव्हा तू नुकताच जन्मला होतास. तो म्हणे, मग आत्ता निघालेला मी सतरा वर्षांचा झाल्यावर येणार? आणि गेला खेळायला. मी उभीच.

खडूस
बरं झालं ताऱ्यांचा विषय निघाला. "आपल्याला दिसणारे तारे कधीच मेलेत" हे वाक्य ज्या पुस्तकात दिसेल ते मी मिटतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले. ताऱ्याचं आयुष्य लाखो-कोट्यवधी वर्षांचं. तेवढ्यात मरतात कसले! सोपं करून सांगणं वेगळं आणि चटकदार थापा वेगळ्या.

तिन्हीसांज
@खडूस काढा यावर वेगळा धागा. मी पहिली येते भांडायला.

दुपारची झोप
रुमाल टाकून ठेवते. कुकर झाला की लिहिते.

पाऊलखुणा
बाबांच्या डायलिसिसच्या वेळी मी मोठ्याने वाचायचो. विषय त्यांनी निवडायचा. त्यांनी काय निवडावं, तर मूत्रपिंड! एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या असतात, हे ऐकल्यावर शेजारच्या मशीनकडे बघून म्हणाले, "हिची दमछाक होणारच." नर्सबाईंनाही पुढचं ऐकायचं असायचं, त्या आल्या की मागचं थोडक्यात सांगावं लागे. पुस्तक संपायच्या आधी बाबा गेले. शेवटची दोन प्रकरणं तशीच आहेत.

मेणकापड
@पाऊलखुणा 🙏 काय बोलू. बाबा भारी होते तुमचे.

सायली_क
@पाऊलखुणा नर्सबाईंचं वाचून डोळे भरले.

जुनाट
आमच्याकडच्या पुस्तकात अजून नऊ ग्रह आहेत. २००६ मध्ये प्लूटोला बटुग्रहांत टाकलं, ते भाचीने पेन्सिलने समासात लिहिलंय. खाली तिच्या धाकट्या भावाने लिहिलंय "अन्याय".

दुपारची झोप
आले. काय लिहिणार होते तेच विसरले. अवांतर: असली पुस्तकं कुणी ई-बुकात वाचतं का? अक्षर मोठं केलं की आकृती एका पानावर आणि तिचं वर्णन तीन पानं पुढे.

अर्धवटराव
@दुपारची झोप टॅब आडवा धरून बघा. हॉकिंग तरीही कळणार नाही, पण आकृत्या नीट दिसतात.