कांदा म्योजिन चुकवू नका

तोक्योत एकच दिवस आहे, देवळंही बघायचीत आणि लेकाला जपानी कार्टूनची म्हणजे अ‍ॅनिमेची दुकानंही, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर कुणीतरी सकाळी देवळांसाठी असाकुसा आणि दुपारी दुकानांसाठी आकिहाबारा सुचवलंय. बेत झकास आहे, फक्त मधे कांदा म्योजिन हे देऊळ घाला. आकिहाबारापासून चालत दहाएक मिनिटं. (नाव वाचून हसू नका. आमचं पोटभर हसून झालंय.)

देवस्थान मूळ सन ७३० चं मानतात, आत्ताच्या जागी १६१६ पासून. पण खरी गंमत आवारात टांगलेल्या 'एमा'मध्ये, म्हणजे नवसाच्या लाकडी पाट्यांमध्ये. कुणी परीक्षेत पास कर म्हणतंय, तर शेजारच्याच पाटीवर मोठ्या डोळ्यांची अ‍ॅनिमेतली मुलगी, केसाची बट न् बट रंगवलेली. 'लव्ह लाइव्ह!' मालिकेतली एक नायिका याच देवळात सेवा करते, म्हणून चाहत्यांची ही रीघ. आकिहाबाराचं शेजार असल्यामुळे इथे कॉम्प्युटर सुखरूप राहावा म्हणूनही ताईत मिळतो! मी लॅपटॉपसाठी घेतला. लॅपटॉप अजून धडधाकट आहे, पुढचं दाइकोकू जाणे. हा दाइकोकू म्हणजे मुळात आपला महाकाल, इथे मात्र भाताच्या पोत्यांवर उभा, गालभर हसणारा. त्याची भलीमोठी दगडी मूर्ती आवारातच आहे.

जमलं तर रविवार धरा. दुपारी आकिहाबाराचा हमरस्ता गाड्यांना बंद असतो, मधोमध चालता येतं. आणि शंभर येनची नाणी मोजूनच लेकाच्या हातात द्या. नाणं टाकलं की खेळण्याची डबी देणाऱ्या गाचापोनच्या यंत्रांपुढे आमचा दीड तास गेला.