‘झीलकरी’ला कोरस म्हणता येईल का?

उमरेडरोड: नागपूरकडचा शाहीर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही वळणांत घडतो. अशा कलावंतावरच्या लेखात त्याच्यामागे सूर धरणाऱ्या ‘झीलकरी’ऐवजी ‘कोरस’ लिहिलं तर अर्थ बिघडतो का? आणि ‘खडी गंमत’ या विदर्भातल्या लोकनाट्याच्या नावातली ‘खडी’ म्हणजे नेमकी कोणती?

सुरत्या: बिघडतो. कोरसमध्ये सगळे मिळून पूर्ण ओळ म्हणतात. झीलकरी शाहिराच्या ओळीचं फक्त शेपूट पकडतो. शाहिराचा दम संपायच्या किंचित आधी शेवटच्या अक्षरावर चढायचं, वरच्या सुरात ते ताणून धरायचं आणि ‘जी जी’ करत समेवर सोडायचं. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो. सवालजवाबात तर याच फटीत उत्तर तयार होतं. झील लवकर उचलली की शेवटचा शब्द झाकला जातो, आणि तोच यमकाचा शब्द असतो! उशीर झाला तर मधे नुसती ढोलकी उरते. ‘झील धरणे’, ‘झील ओढणे’ ही क्रियापदं तशीच ठेवा.

इतवारी: दोन भाषांची खरी गोम इथंच आहे. ‘आली’, ‘गेला’ असा स्वरान्त शब्द कितीही ताणता येतो. हिंदी ओळ ‘रात’, ‘जान’वर संपली की धरायचं काय? ‘त’ ताणता येत नाही. मग ‘जी’, ‘हो’, ‘रे’ जोडावं लागतं किंवा शेवटचा ‘अ’ मोकळा करावा लागतो. दोन्हीकडं गाणारा शाहीर हे ओळ बांधतानाच पाहतो. (निव्वळ हिंदी वाचकाला ‘झील’ म्हणजे तलाव. त्याच्यासाठी एक वाक्य खर्च कराच.)

झाडीकर: ‘खडी’ म्हणजे उभी. कलावंत उभ्यानं सादर करतात म्हणून. मराठीत ‘खडा पहारा’ आहेच, पण इथं हिंदीचा शेजारही आहे. 1956 पर्यंत नागपूर हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतं. गावोगावी श्रोता दोन्ही भाषांचा. कलगी-तुरा, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांचा सवालजवाब, तोही एकट्या महाराष्ट्राचा नाही, राजस्थान-मध्य प्रदेशातही आहे. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्यापासून हे दोन पक्ष निघाले, अशी आख्यायिका सांगतात. त्यामुळे ‘हिंदीची भेसळ’ असं काही लिहू नका बाप्पा, मिश्रण मुळातच आहे.

पुडीवाला: वाद्यांबद्दलही सांभाळा. ‘तुणतुण्यावर धून वाजवली’ हे वाक्य हमखास दिसतं आणि ते चूक आहे. तुणतुण्याला तार एकच. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडं, त्यातून निघालेली तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला. त्यावर सूर आणि लय धरतात, चाल वाजत नाही. दमट हवेत चामडं सैलावतं, तार उतरते आणि झीलकरी उतरलेल्या सुराला धरून बसतो; म्हणून मधेमधे खुंटी पिळावी लागते. डफाचंही तेच. तो गवताच्या जाळावर लांबून, फिरवत शेकतात. एकाच जागी धरला तर कडेला चामडं तडकतं. याला ‘डफ तापवणे’ म्हणा, ‘गरम करणे’ नको.

उमरेडरोड: मग ‘साथीदार’?

सुरत्या: ढोलकीवालाही साथीदारच. झीलकरीच लिहा.