मदत हवी आहे : ३ लाख किमी झालेली डिझेल पिकअप, सकाळी लवकर लागत नाही आणि चढाला काळा धूर

हळूगाडी

नमस्कार मंडळी.

वापरलेली पिकअप घेतली आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल (एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या नोझलना डिझेल देणारं) टर्बो डिझेल, पाच गिअर, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). मीटरवर ३ लाख १० हजारांच्या पुढचा आकडा आहे. पेडलची घासलेली रबरं आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग पाहता तो खरा असावा. सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट मिळाली, अलीकडच्या वर्षांची तर काहीच नाहीत.

तक्रारी दोन आहेत.

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. लागली की मिनिटभर थडथडते, एखादा सिलिंडर चुकतोय असं वाटतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात. मग आपोआप शांत होते. दिवसा गरम असताना अर्ध्या सेल्फवर लागते.

दुसरं म्हणजे माल भरून चढाला लागली की ओढच नाही. पाय दाबला की मागे काळा धूर आणि गाडी जागच्या जागी. तिसऱ्यात चढायला हवी तिथे दुसरा टाकावा लागतो. सपाटीला रिकामी छान पळते.

ऑइल थोडं खाते, पण एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत टॉपअप लागावा इतकं नाही. कूलंटची पातळी हलत नाही. इंजिनचा दिवा लागलेला नाही.

एका मिस्त्रींनी सांगितलं, चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदला. दुसऱ्यांनी धूर पाहूनच इंजिन काम (इंजिन खोलून दुरुस्ती) सांगितलं. दोघांनी बॉनेट उघडून कान लावला, मीटर कुणीच लावला नाही. गाडी मला काही वर्षं ठेवायची आहे, खर्चाला ना नाही, पण अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही. मल्टिमीटर आहे, पाना धरता येतो, स्कॅनर मित्राकडून मिळेल. सुरुवात कुठून करू?

तेलकट हात

भाऊ, एकही पार्ट विकत घेऊ नका अजून. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, त्या दोन वेगळ्या रोगांच्या असू शकतात. दोन्हीला मिळून एकच औषध शोधलं की माणूस थेट नोझलवर नाहीतर इंजिनवर येऊन थांबतो.

आधी सकाळचं बघू. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल आपसूक पेटतं. म्हणजे गार इंजिन लागायला तीन गोष्टी हव्यात: सेल्फने इंजिन जोरात फिरवलं पाहिजे, सिलिंडरमध्ये पुरेशी गरमी पाहिजे, आणि रेलमध्ये डिझेलचं प्रेशर बनलं पाहिजे. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत रेलचं प्रेशर साधारण २०० बारच्या आसपास पोचेपर्यंत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नोझल उघडतच नाही. तोवर तुम्ही कितीही सेल्फ मारा.

तुमच्या वर्णनात पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आहे. तो न जळलेल्या डिझेलचा. कूलंट जळत असतं तर वास गोडसर आला असता आणि टाकीतली पातळी उतरली असती. आणि धूर दिसतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाहीये. माझा पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे गार इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या प्लगवर.

तपासणी अशी करा:

सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी आधी. त्यानंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची वायर किंवा तिचा नट गंजलाय. जुन्या गाडीत हे इतक्यांदा सापडतं की मी बॅटरी बदलण्याआधी अर्थ साफ करतो.

हीटर प्लगवरची पट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स बॉडीशी मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. मीटर हललाच नाही तर प्लग गेला. प्लग चांगले निघाले तर चावी फिरवल्यावर पट्टीपर्यंत करंट येतो का ते बघा, रिले पण मरतो.

आणि एक प्रश्न: गाडी नाक खाली करून उतारावर उभी केली तर सकाळी लवकर लागते का?

चौदाचा पाना

इतकं कशाला? इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप ढिला करा. ज्याचा ढिला केल्यावर आवाज बदलत नाही तो नोझल खराब. आमचं आयुष्य यात गेलं.

तेलकट हात

@चौदाचा पाना, जुन्या पंपाच्या इंजिनात ठीक होतं दादा, मीही केलंय. पण ही कॉमन रेल आहे. चालू इंजिनात त्या पाइपात १६०० बारपर्यंत प्रेशर असू शकतं. नट सैल झाला तर निघणारी धार कातडीतून आत जाते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं, ऑपरेशन लागू शकतं. गळती शोधायलाही त्या पाइपांवरून हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. हळूगाडी, हा प्रयोग तुम्ही करू नका. सिलिंडर तोलून बघायचे तर स्कॅनरवर प्रत्येक नोझलचं करेक्शन (ईसीयू त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय) दिसतं, ते बघा.

चौदाचा पाना

बरोबर आहे. मी कॉमन रेल वाचलंच नव्हतं. मागे घेतो.

मालवाहू ताई

माझ्याकडे अशा दोन गाड्या आहेत, दोन्ही तुमच्यापेक्षा जास्त पळालेल्या. धुराचं वर तज्ज्ञ मंडळी सांगतीलच, मी वेगळं विचारते: तुमच्या इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवणारा) आहे की चेन? बेल्ट असेल आणि कधी बदलला ते माहीत नसेल, तर बाकी सगळं थांबवून तो आधी बदला. सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग नोझल आणि हीटर प्लगची चर्चा कशाला करायची.

आणि गाडीखाली झोपून चेसिस बघा, विशेषतः मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे. हातोडीने हलकेच ठोका. टणक वाजलं तर ठीक, भद्द वाजलं किंवा पापुद्रे पडले तर इंजिनवर खर्च करण्याआधी विचार करा. इंजिन बाहेर काढून करता येतं, चेसिस नाही.

हळूगाडी

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार बॉनेटमध्येच गेला.

ताई, चेन आहे. सुरुवातीला खडखड नाही. चेसिसवर वरवरचा गंज आहे, हातोडी टणक वाजली.

सेल्फ मारताना १०.४ व्होल्ट. अर्थवर ०.९ दाखवत होतं. वायर काढली तर लगच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) आत हिरवी भुकटी. घासून, नट आवळून पुन्हा मोजलं, ०.२ वर आलं आणि सेल्फचा आवाजच बदलला.

हीटर प्लग: पहिला आणि चौथा ०.८ ओहम. दुसरा आणि तिसरा पूर्ण ओपन, मीटर हललाच नाही.

नाक खाली करून उभी केली तर सकाळी खरंच लवकर लागते! हे कसं ओळखलंत? थडथड आणि धूर मात्र तसाच.

तेलकट हात

थडथड आणि धूर दोन मेलेल्या प्लगांचा. दोनच सिलिंडर गरम, बाकीचे दोन नुसतं डिझेल बाहेर फेकतायत.

उताराचं असं की नाक खाली असलं की टाकी पंपाच्या वर येते. मग डिझेल परत टाकीकडे उतरत नाही आणि रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरत नाही. तुमच्या गाडीत टाकीत पंप नसावा, पुढचा पंपच डिझेल ओढून घेतो. अशा लाइनमध्ये गळती असली तरी बाहेर थेंब पडत नाही, हवा आत जाते. म्हणून कुणाला दिसत नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला चालेल असा पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता लावा. सकाळी सेल्फ मारताना बुडबुडे दिसले तर टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. हँड प्रायमर (लाइनमध्ये हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) आणि फिल्टरच्या जोडांतल्या ओ-रिंग हे नेहमीचे गुन्हेगार.

फिल्टर उघडाल तेव्हा जुना फेकू नका. तळाशी उरलेलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात धरा. पाणी असेल तर खाली वेगळं बसलेलं दिसेल, त्याचा नळ सोडून काढता येतं. पण चांदीसारखी चमक दिसली, बारीक कण डिझेलमध्ये तरंगताना लकाकले, तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय असं समजा. तसं असताना नवे नोझल टाकले तर तो चुरा त्यांनाही खाईल. नोझल बदला म्हणणाऱ्यांनी हे बघितलं होतं का?

आता काळा धूर. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर बघितलाच असेल. मग टर्बोपासून (हवा दाबून भरतो तो) इंटरकूलर (ती हवा गार करतो तो) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. तो म्हणतो एवढी हवा आली, ईसीयू त्या हिशोबाने डिझेल देतो, आणि मधल्या मध्ये हवा फाटलेल्या पाइपातून निघून जाते. रिकामी गाडी चालवताना बूस्ट (टर्बोचा दाब) कमीच लागतो, म्हणून तेव्हा जाणवत नाही. पाइप जागेवर ठेवून नुसते बघू नका, काढून वाकवून बघा.

नवशिक्या

मध्येच विचारतो, इंजिन काम लागेल का हे घरी कसं कळणार?

तेलकट हात

इंजिन गरम, आयडलला असताना ऑइल फिलरचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. थोडी फुंकर येते, चालतं. झाकण नाचायला लागलं आणि खालून ठोक्याठोक्याला धूर येऊ लागला तर पिस्टनच्या रिंगा संपल्या. खात्री करायची तर हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या. चांगलं डिझेल २५ ते ३० बार देतं. सगळे सिलिंडर जवळजवळ सारखे आहेत का हे जास्त महत्त्वाचं. एकच २० च्या खाली आणि बाकीचे चांगले असतील तर तिथे काहीतरी आहे. हळूगाडी, तुमचे प्लग निघणारच आहेत, त्याच वेळी हे उरकून घ्या. आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होतंय की वाढतंय तेही बघत राहा. वाढत असेल तर डिझेल त्यात उतरतंय. ते जास्त वाईट.

हळूगाडी

खबर.

पारदर्शक पाइपात सकाळी सेल्फ मारताच बुडबुड्यांची माळ. प्रायमरच्या जोडाची ओ-रिंग हातात आली तेव्हा प्लास्टिकसारखी कडक झाली होती, चपटी. नवीन टाकली, हवा काढली. आता नाक वर असलं तरी लगेच लागते. भांड्यातल्या डिझेलमध्ये थोडं पाणी होतं, चमक नाही.

इंटरकूलरचा खालचा पाइप वरून ठणठणीत. काढून वाकवला तर क्लॅम्पच्या बरोबर खाली बोटभर चीर, कडेला ऑइल आणि काजळीचा ओला पट्टा. बाहेरून क्लॅम्पने झाकलेली होती. नवा पाइप बसवून तोच चढ माल घेऊन तिसऱ्यात चढलो. काळा धूर अगदी थोडा, पाय जोरात दाबल्यावरच.

झाकण नाचत नाही. स्कॅनरवर तिसऱ्या नोझलचं करेक्शन इतरांपेक्षा खूप जास्त. मग रिटर्नच्या (नोझलमधून जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या) पाइपांना चार सारख्या बाटल्या लावून गरम इंजिन आयडलला ठेवलं. तिसरी बाटली बाकीच्यांच्या अडीचपट भरली, म्हणजे तो नोझल आतून गळतोय.

तर आता: एकच नोझल बदलू की चारही? आणि तिसऱ्याचा हीटर प्लग सुटत नाहीये. दुसऱ्याचा आला.

तेलकट हात

चारही काढून टेस्ट बेंचवर द्या. तीन पास झाले तर एकच बदला किंवा रिपेअर करा, चार नवे कशाला. परत बसवताना खालचे कॉपर वॉशर नवेच घ्या, जुने पुन्हा वापरले की काही महिन्यांत कडेने फुस्स सुरू होतं. बसण्याची जागा काजळीपासून नीट साफ करा. कुठला नोझल कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. नव्या नोझलवर कोड छापलेला असतो, तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. न भरता चालवली तर गाडी चालते पण ठोकत राहते.

हीटर प्लगला जोर लावू नका. तुटला आणि टोक हेडमध्ये राहिलं तर हेड उतरवायची पाळी येते. आज रात्री आणि उद्या सकाळी गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मारा. मग गाडी चांगली फिरवून इंजिन पूर्ण गरम करा आणि गरम असतानाच छोट्या पान्याने पाव फेरा सैल, पाव फेरा आवळ असं करत या. करकर आवाज आला की थांबा, पुन्हा ऑइल. कॉम्प्रेशन मोजायचं राहिलंय ते विसरू नका.

मालवाहू ताई

इंजिन मार्गी लागलं की मागचं डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलून टाका, मागच्या मालकाने हमखास केलेलं नसतं. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, ग्रीस मारा. निप्पलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. एखाद्या कपमधून ग्रीसऐवजी तांबूस भुकटी आली तर तो क्रॉस लगेच बदला.

हळूगाडी

स्प्रे मारून ठेवलंय, उद्या गरम करून प्रयत्न करतो. ताई, पुढच्या क्रॉसमधून तांबूसच आलंय. त्यासाठी पूर्ण शाफ्ट उतरवावा लागेल की जागेवर होईल?

मालवाहू ताई

उतरवा. आणि उतरवायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट जोडणाऱ्या तबकड्यांवर) एका रेषेत पेंटची खूण करा, नाहीतर परत लावताना गाडी थरथरते. मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही त्याच वेळी बघून घ्या.