मदत हवी आहे: वटवाघळाचा पंख होमोलॉगस की अ‍ॅनालॉगस?

भाची दहावीला आहे, तिने काल विचारलं आणि मी पुरता अडकलो. होमोलॉगस म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेले, मूळ रचना सारखी असलेले अवयव आणि अ‍ॅनालॉगस म्हणजे काम सारखं पण उगम वेगळा, एवढं माहीत आहे. झुरळाचा पंख नि कबुतराचा पंख अ‍ॅनालॉगस, हे कळतं कारण झुरळाच्या पंखात हाडंच नसतात. पण वटवाघूळ आणि कबुतर? दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगट, बोटं, सगळं आपल्या हातासारखंच, म्हणजे होमोलॉगस ना? पण वटवाघळाचा पडदा लांबलचक बोटांवर ताणलेला, कबुतराची बोटं आखूड नि जुळलेली आणि उडायला पिसं, शिवाय दोघांच्या सामायिक पूर्वजाला पंख नव्हतेच म्हणे. मग हात म्हणून होमोलॉगस, पंख म्हणून अ‍ॅनालॉगस, असं दोन्ही बरोबर असतं का? आणि परीक्षेत नेमकं काय लिहायचं? (गाईडमध्ये एकाच ओळीत उरकलंय.) कोणी बायोलॉजीवालं असेल तर सांगा प्लीज, सोमवारी पेपर आहे.