मेक: एरवी गप्प, पण चूक झाली की पूर्ण कमांड कशी दाखवायची?

मदत हवी आहे. ग्नू मेक ४.३ (प्रोग्रॅम बिल्ड करणारं टूल), उबुंटू, सी प्रोजेक्ट, हाताने लिहिलेली मेकफाइल (मेकने काय चालवायचं ते सांगणारी फाइल). मेक छापतं ती प्रत्येक जीसीसी (सी कंपायलर) कमांड पाच-सहा ओळींची, त्यात वॉर्निंग हरवतात.

मेकला '-एस' दिलं तर कमांड दिसत नाहीत, पण काय चाललंय तेही कळत नाही. मग लिनक्स कर्नलसारखं केलं: कमांडपुढे '@' (कमांड न छापण्याची खूण) असलेलं व्हेरिएबल, 'व्ही=१' दिलं की ते रिकामं. छान चालतं. '-जे८' (एकावेळी आठ कामं) मुळे होणारी आउटपुटची सरमिसळ '--आउटपुट-सिंक'ने थांबली.

अडचण एकच. फाइल फेल झाली की जीसीसीचा एरर दिसतो, पण नेमके कुठले फ्लॅग (कमांडला दिलेले पर्याय) गेले ते नाही; 'व्ही=१' देऊन पुन्हा चालवावं लागतं. सीमेक (मेकफाइल तयार करून देणारं टूल) नको. फक्त फेल झालेलीच कमांड छापायची, तीही प्रत्येक रेसिपीत (मेकफाइलमधल्या कमांडमध्ये) '||' ('आधीची फेल झाली तरच पुढची चालव') न घालता, तर 'शेल' व्हेरिएबलच्या (मेक ज्यातून कमांड चालवतं तो प्रोग्रॅम) जागी स्वतःची स्क्रिप्ट देणं बरं, की आणखी सोपी वाट आहे?