मदत हवी आहे : उद्यानात मोकळे सोडले जाणारे पाळीव कुत्रे, चाव्याची घटना आणि तक्रारीचा योग्य मार्ग

नमस्कार,

आमच्या वसाहतीला लागून महापालिकेचे एक उद्यान आहे. चालण्याची वाट, झोपाळे-घसरगुंडीचा कोपरा, खुली व्यायामशाळा आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा एवढे सगळे त्यात असून परिसरात दुसरी मोकळी जागा नाही. गेल्या दिवाळीपासून मात्र सकाळच्या वेळी तेथे जाणे धोक्याचे झाले आहे. तक्रार नेमकी कोणाकडे आणि कोणत्या आधारावर करावी हे उमगत नसल्याने हा धागा काढत आहे. शहराचे, उद्यानाचे किंवा संबंधितांचे नाव देत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही, मार्ग हवा आहे.

शेजारच्या गल्लीतील एक गृहस्थ रोज सकाळी एक रॉटवायलर आणि एक अल्सेशियन घेऊन येतात आणि फाटकातून आत शिरताच दोघांचेही पट्टे सोडतात. तोंडाला मुसके नसते. दोन्ही कुत्रे तरणेबांड आहेत आणि एकदा धावत सुटले की मालकाच्या हाकेला दाद देत नाहीत. चालणाऱ्या माणसाच्या मागून धावत येणे, छातीवर पुढचे पाय टाकणे, मुलांचा चेंडू तोंडात धरून गुरगुरणे हे नित्याचे झाले आहे. कोणी हटकले की, "घाबरू नका, काही करत नाही तो," हे ठरलेले उत्तर मिळते. घरच्या माणसांना तो काही करत नसेलही, पण सत्तरीतल्या अनोळखी माणसाने किंवा सहा वर्षांच्या मुलाने त्या भरवशावर का राहावे? फार ताणले तर ते सांगतात की, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी आणू पाहणारे केंद्राचे मार्च २०२४ चे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले आहे, तेव्हा कायदा माझ्याच बाजूचा आहे.

मागच्या महिन्यात व्हायचे ते झाले. शेजारच्या इमारतीतील एक काका, वय पंचाहत्तरीच्या पुढे, काठी टेकत कट्ट्याकडे निघाले होते. काठी पाहून रॉटवायलर थबकला आणि गुरगुरू लागला. काकांनी घाबरून काठी आडवी धरली, तोच त्याने त्यांची डावी पोटरी धरली. पायजमा फाटला, दातांच्या खुणा उमटल्या आणि दोन ठिकाणी कातडी सोलली जाऊन रक्त वाहू लागले. माळ्याच्या खोलीतला कपड्यांचा साबण आणून आम्ही त्यांचा पाय बागेतल्या नळाच्या धारेखाली धरला आणि चांगली पंधरा मिनिटे धुतला. रुग्णालयात डॉक्टरांनी जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातील ठरवली, जखमेच्या आत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) टोचले आणि त्याच दिवशी रेबीज प्रतिबंधक लसीचा पहिला डोस दिला. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायचे होते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा आणि त्याच्या लसीकरणाची पुस्तिका पाहून घ्या, असेही डॉक्टरांनी सांगितले. मालकांनी लस दिल्याचे तोंडी सांगितले, पुस्तिका मात्र दाखवली नाही. सुदैवाने कुत्रा धडधाकट आहे. काकांना मधुमेह असल्याने रोजचे चालणे आवश्यक आहे, आणि त्यांनी बागेत पाऊल टाकणेच सोडून दिले आहे याचे मला अधिक वाईट वाटते.

आम्ही गप्प बसलो नाही. उद्यानाच्या रक्षकाने आपल्याला कोणाला अडवण्याचा अधिकार नसल्याचे सांगितले. उद्यान खात्याने कुत्र्यांचा विषय आरोग्य खात्याकडे असल्याचे सांगितले, आरोग्य खात्याने आपले पथक फक्त भटकी कुत्री पकडते असे कळवले आणि पोलीस चौकीत, "शेजारीपाजारीच आहात, आपसांत मिटवा," असा सल्ला मिळाला. यातले एकही उत्तर लेखी नाही.

गुंतागुंत अशी की, पंपाच्या खोलीमागे चार-पाच भटकी कुत्रीही राहतात. त्यांतील बहुतेकांच्या कानाला खाच आहे, म्हणजे त्यांचे निर्बीजीकरण झालेले आहे आणि एरवी ती निमूट पडून असतात. दोन पाळीव कुत्रे मोकळे सुटले की मात्र ती सगळी भुंकत अंगावर धावतात, मुले किंचाळत पळतात आणि पळणाऱ्यामागे कुत्री लागतात. एक कुत्री अलीकडेच व्यायली असल्याने पिल्लांजवळ कोणालाही फिरकू देत नाही. तिच्या कानाला खाच नाही. वसाहतीतील एक ताई त्यांना मायेने दूधभात घालतात, पण तो घसरगुंडीपासून दहा पावलांवर. ताईंना खलनायक ठरवणे मला पटत नाही. त्यांच्यामुळेच ही कुत्री लस टोचून घेण्याइतकी माणसाळली आहेत. फक्त जागा आणि वेळ बदलायला हवी, आणि ते त्यांना न दुखावता सांगायचे आहे.

आता वसाहतीच्या बैठकीत काही जण भटकी कुत्री टेम्पोत घालून शहराबाहेर सोडण्याचे बोलू लागले आहेत, आणि एकाने तर विष घालण्याचे सुचवले. याला माझा ठाम विरोध आहे. ज्या कुत्र्याने चावा घेतला तो पट्ट्याचा आणि घरचा असताना मुक्या जनावरांचा जीव घ्यायचा, हे कोणत्या न्यायाचे? शिवाय ती हटवली की मोकळ्या झालेल्या जागेत निर्बीजीकरण न झालेली नवी कुत्री येतात.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. पाळीव कुत्रा चावल्यास मालकावर कोणत्या कलमाखाली तक्रार करता येते आणि पोलीस ती टाळू शकतात का? लसीकरणाचा पुरावा मागण्याचा अधिकार कोणाला आहे? खाऊ घालण्याच्या जागेबद्दल नियम काय सांगतो? ज्यांनी असे प्रकरण शेवटास नेले आहे, त्यांचा अनुभव मोलाचा ठरेल.

प्रतिसाद

वकिलीच्या अनुभवावरून लिहितो. जातीवरील बंदीचा वाद तुम्ही बाजूला ठेवावा, कारण तुमची तक्रार कुत्र्याच्या जातीबद्दल नाही, मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ त्यासाठीच आहे. ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये इतपत खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा जामीनपात्र असला तरी दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तो नोंदवून तपास करू शकतात, म्हणून "आपसांत मिटवा" हे उत्तर पुरेसे नाही. तक्रार काकांनी स्वतः लेखी द्यावी, सोबत रुग्णालयाचे कागद, जखमेची छायाचित्रे आणि पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावे जोडावीत आणि प्रतीवर पोच घ्यावी. ठाण्यात नोंद झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार तीच तक्रार टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. त्याच संहितेच्या कलम १५२ खाली धोकादायक प्राण्याला बंदिस्त ठेवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, पण तो मार्ग लांबचा आहे.

पुस्तिकेसाठी मालकांशी हुज्जत घालू नका. बहुतेक महापालिकांत कुत्रा पाळायला परवाना लागतो आणि परवान्याच्या अर्जासोबत रेबीज लसीचा दाखला द्यावा लागतो. तेव्हा या पत्त्यावरील कुत्र्यांचा परवाना तपासावा, असा अर्ज आरोग्य खात्याच्या पशुवैद्यकीय विभागाला द्या. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी भरणाऱ्या लोकशाही दिनात दोघांनाही समोरासमोर उत्तर द्यावे लागते. त्यासाठी आधीच्या अर्जांच्या पोचा जपून ठेवा.

भटक्या कुत्र्यांबाबत तुमची भूमिका योग्य आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील विसाव्या नियमानुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटांपासून दूर असावी आणि वेळ मुलांच्या व वृद्धांच्या वर्दळीची नसावी. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्रभागनिहाय ठरावीक जागा नेमायला सांगितले आहे. विष घालणाऱ्यावर मात्र न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची पाळी येऊ शकते, हे बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगा.

धागा काढणारीचे उत्तर

मनापासून आभार. कलम ३२५ बद्दल कालच वसाहतीच्या गटावर लिहिले आणि विषाचा विषय तेथेच थांबला. काका तक्रारीवर सही करायला कचरत होते, कारण मालकांच्या वडिलांशी त्यांचा जुना घरोबा आहे. त्यांच्या सूनबाईंनी समजूत घातल्यावर ते तयार झाले असून सोमवारी आम्ही त्यांच्यासोबत ठाण्यात जाणार आहोत. ताईंशीही बोलले. पंपाच्या खोलीमागची जागा आणि रात्री नऊनंतरची वेळ त्यांनी लगेच मान्य केली. त्या कुत्रीला पकडण्याची घाई करू नये, पिल्ले दूध सुटण्याइतकी मोठी झाल्यावर तिला निर्बीजीकरणासाठी नेऊ, एवढीच त्यांची विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते.

एक प्रश्न उरतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना धावायला जागा लागते हे खरे आहे आणि नुसत्या मनाईने ते गृहस्थ दुसऱ्या बागेत जातील, म्हणजे संकट तेथल्या लोकांवर जाईल. उद्यानाच्या पश्चिमेला वापरात नसलेला, तिन्ही बाजूंनी भिंती असलेला एक तुकडा आहे. त्याला जाळीचे दार बसवून पाळीव कुत्र्यांसाठी वेगळी जागा महापालिकेकडून कोणी मंजूर करून घेतली असल्यास अर्ज कोणाच्या नावे केला, निधी कोठून मिळाला आणि देखभालीची जबाबदारी कोणावर राहिली, हे कृपया कळवावे.